बाटलीमागे सव्वा किलो

कार्बन कमी करायचा म्हणून गेल्या दीड वर्षात मी काय काय केलं ते आठवलं की माझं मलाच हसू येतं. छपरावर सोलर बसवलं. काचेची जड, रुबाबदार बाटली बंद करून हलकी आणली. टाक्यांना जाड वेष्टण गुंडाळलं. द्राक्षाचा चोथा पूर्वी ओढ्याकाठी नेऊन टाकायचो, त्याचं खत करायला लागलो. मेच्या उन्हात टिनं तापू नयेत म्हणून अख्खं छप्पर पांढरं रंगवलं. रंग देणारा आमचा जुना गडी किशन वरूनच म्हणाला, "बाई, टिनं पांढरे केले तर पुन्याच्या हाटेलवाल्याले तिथून काय दिसन?" मी म्हटलं, तू रंग दे गपगुमान.

हॉटेलवाल्यांना काय दिसतं ते मलाही ठाऊक नव्हतं. एवढंच ठाऊक होतं की आमच्या निम्म्याहून जास्त बाटल्या तेच घेतात. त्यांचं पत्र आलं होतं. एक बाटली तयार होऊन बाहेर पडेपर्यंत हवेत किती कार्बन जातो ते मोजून द्या, सव्वा किलोच्या आत असेल तरच पुढची खरेदी. ते गेले तर वायनरीला कुलूप. सहा माणसांची वायनरी आहे, तिला दुसरं गिऱ्हाईक शोधायला ना माणूस आहे ना माझ्यात दम.

कामरगावजवळ वायनरी म्हटलं की लोक अजून दचकतात. आजूबाजूला तूर, सोयाबीन आणि संत्र्याचे बगीचे. माझे सासरे बबनराव, म्हणजे मामाजी, पंचवीस वर्षांपूर्वी नाशिककडे गेले आणि येताना द्राक्षाच्या काड्या घेऊन आले. ओढ्यापलीकडच्या चार एकरांत त्यांनी मळा लावला, घरामागे शेड घातलं, मुंबईच्या किती खेपा करून लायसन मिळवलं. गाव म्हणायचं, बबनरावाचं डोकं फिरलं. तीन वर्षांनी तेच गाव पाहुण्यांना मळा दाखवायला आणू लागलं. त्या चार एकरांवर मामाजींचा जो जीव होता तो पोटच्या पोरावरही नसेल, असं माझा नवरा भागवत म्हणायचा. हसत म्हणायचा, पण म्हणायचा.

आता खरं दुखणं सांगते. तो मळा अकरा वर्षांपूर्वीच गेला.

त्या वर्षी तोडणीच्या ऐन तोंडावर गारपीट झाली. अर्धा तासही नसेल. घड तर गेलेच, पण खोडंही अशी फुटली की वेली वाचणार नव्हत्या. मामाजी तेव्हा डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी नागपुरात पडून होते. ऑपरेशन फसलं. परत आले ते उजेड-अंधार एवढंच कळण्याइतकी नजर घेऊन. गुडघ्यांनी आधीच हात टेकले होते. ओट्यावर बसवल्याबरोबर त्यांनी विचारलं, "मळा कसा हाये?" भागवतने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "सावरला, बाबा." वेली उपटून बांधावर टाकल्या त्याला तेव्हा आठवडाही झाला नव्हता.

पुढच्या वर्षी सांगू, असं ठरलं होतं. ते पुढचं वर्ष काही आलं नाही. भागवतचा शाळेतला दोस्त तय्यब कारंज्याचा फळांचा व्यापारी. तो नाशिकजवळच्या दिंडोरीहून थंड डब्याच्या ट्रकमध्ये द्राक्षं आणू लागला. हंगामात तीन खेपा. चार एकरांत तूर उभी राहायची, आणि ऑक्टोबरात मामाजी ओट्यावरून किशनला छाटणी सांगायचे. किती डोळे ठेवायचे, कुठली काडी काढायची. किशन तासाभराने येऊन सांगायचा, "झाली, मालक." पहिल्यांदा सांगताना तो रडला होता. नंतर सवय झाली. सगळ्या गावाला सवय झाली. शेजारचा माणूस ओट्याजवळून जाताना आपणहून म्हणायचा, "काका, मळा झकास दिसून राह्यला."

चार वर्षांपूर्वी कोरोनात भागवत गेला. वायनरी, लायसनची फाइल, गाडीच्या किल्ल्या आणि हे खोटं, सगळं माझ्या अंगावर आलं. भागवत गेल्यावर मामाजींनी मळ्यात न्या असं म्हणणंही सोडलं. आधी महिन्यातून एकदा तरी हट्ट करायचे, आणि ओढा उतरताना पडाल म्हणून आम्ही टाळायचो. दुःखाने सोडलं असेल, असं मी धरून चालले. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं.

आमच्याकडे हंगामाची सुरुवात पहिल्या टोपल्याने होते. मळ्यातून पहिलं टोपलं यायचं ते मामाजींपुढे. ते एक घड उचलतात. पहिला मणी जमिनीवर टाकतात, मातीचा वाटा म्हणून. दुसरा खातात. तिसरा तोंडात धरून बसतात, बराच वेळ. मग हुकूम सुटतो. लागा तोडणीला, नाहीतर थांबा दोन दिवस. ही रीत मळा असतानाची. आता ट्रक आला की दिंडोरीच्या क्रेटमधले चार घड आम्ही आपल्या जुन्या टोपल्यात ठेवतो आणि त्यांच्यापुढे नेतो.

यंदा मार्चच्या पहिल्या आठवड्यात हे झालं तेव्हा मंतशा ओट्यावरच चहा पीत होती. मंतशा म्हणजे कार्बन मोजायला हॉटेलवाल्यांनी पाठवलेली मुलगी. अकोल्याची, इंजिनिअर, पंचवीस-सव्वीस वर्षांची. वाइनच्या वासाने नाकाला ओढणी लावायची, पण कामाला पक्की. मीटरचे आकडे, डिझेलच्या पावत्या, बाटलीचं वजन, सगळं तिने दोन दिवसांत वहीत उतरवलं होतं. टाकीतून बुडबुडे येतात तोही कार्बनच, पण तो धरत नाहीत, असं तिने मामाजींना समजावलं होतं. वेलीने तो हवेतूनच घेतलेला असतो. मामाजींना हे फार आवडलं. "म्हनजे माह्या वेलीनं घेतलं, माह्या वेलीनं वापस देल्लं," ते म्हणाले. मी आत निघून गेले.

त्या दिवशी मामाजींनी तिसरा मणी तोंडात धरला. किशन टोपलं घेऊन उभा. मंतशा कौतुकाने बघत होती.

"गोडी हाये," मामाजी म्हणाले. "पन अजून आंबट मांगं राह्यलं. दोन दिवस थांबा."

"हो, मालक," किशन म्हणाला.

"दादाजी, मळा किती दूर हाये इथून?" मंतशाने विचारलं. तिचा तो रकानाच होता.

"ओढा उतरला की आला. अर्धा किलोमीटर. लिहून घे."

तिने लिहून घेतलं.

चार टन तोडलेली द्राक्षं मागच्या बाजूला ट्रकमधून उतरत होती. मालकाचा शब्द दोन दिवसांचा, म्हणजे दोन दिवस ती कोल्ड रूममध्ये राहणार. मामाजी तिथूनच कान लावून बसतात. ट्रकची घरघर बाटल्यांच्या गाडीची, असं त्यांना सांगितलेलं; पण द्राक्षं पिळणारा प्रेस सुरू झालेला त्यांना लगेच कळतो. त्यामुळे ते थांबा म्हणाले की आम्ही थांबतोच. दरवर्षी. तोडलेली द्राक्षं वेलीवर आहेत असं समजून दोन दिवस गार करत बसतो, आणि लाइन गेली की त्यासाठी जनरेटर चालवतो. छप्पर पांढरं करून मी जेवढं वाचवलं होतं तेवढं या दोन दिवसांत जात असावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाइन गेली. जनरेटर धडधडायला लागला तशी मंतशा वही घेऊन मागे आली. मीही तिच्यामागे गेले. कोल्ड रूमच्या दाराशी किशन उभा होता, आणि त्याचं तोंड पाहूनच कळलं की काही खरं नाही.

"आत काय हाये, काका?"

"काही नाई. रिकामं हाये."

"रिकामं हाये तं चालू काहून?"

किशन माझ्याकडे बघायला लागला. मी दार उघडलं. क्रेट छताला लागले होते आणि प्रत्येकावर दिंडोरीच्या बागाईतदाराचा शिक्का. मंतशाने शिक्का वाचला, मग माझ्याकडे पाहिलं. तिथेच, दारात उभं राहून, गार हवा बाहेर जात असताना मी तिला सगळं सांगितलं. पाच मिनिटं लागली. अकरा वर्षांची गोष्ट पाच मिनिटांत संपते, याचंच मला नवल वाटलं.

तिने आधी दार लावलं. "थंडी वाया चालली, काकू," ती म्हणाली. मग शेडमधल्या बाकावर बसून आकडेमोड केली. अर्धा किलोमीटर धरला तर बाटलीमागे सव्वा किलोच्या आत, जेमतेम. ट्रकच्या तीन खेपा, त्याचा थंड डबा आणि हे दोन-दोन दिवस धरले तर दीड किलोला टेकत होतं.

"मग?" मी विचारलं.

"मग नापास. पन फॉर्मले दुसरं पान असते. पुढच्या साली काय बदलनार ते लिहून द्यायचं. ते एक साल देतात कधीकधी. नक्की नाई सांगू शकत." तिने पेन वहीत ठेवलं. "फळ जवळचं पाहिजे. इथं संत्रा किती हाये, काकू. संत्र्याची वाइन नाई होत का?"

होते. दोन वर्षांपूर्वी मी एका ड्रममध्ये करून पाहिली होती. वाईट नव्हती. पण द्राक्ष सोडायचं तर मालकाची सही लागते. लायसन मामाजींच्या नावावर, हॉटेलवाल्यांच्या फॉर्मवर सहीही मामाजींचीच, आणि वाचून दाखवल्याशिवाय ते कशावरही सही करत नाहीत.

"मी पाहिलं ते पाहिलं," मंतशा उठताना म्हणाली. "तुमच्या कागदावर काय लिहायचं ते तुमी ठरवा. माझ्या कागदावर मी ट्रक लिहीन." तिचं बरोबरच होतं. तरी मला तिचा राग आला, आणि रागवायलाही माझ्यात त्राण नव्हतं.

संध्याकाळी तय्यब आला. त्याला मी शेडमध्येच गाठलं.

"भाभी, सोपं हाये," तो म्हणाला. "ट्रक माझा. माल माझा. मी इथं उतरवला, इथून कारंज्याच्या मंडीत नेला, असं मी लिहून देतो. पोरीलेही समजावून सांगतो. पुढं तुमी त्याचं काय करता ते तसंही मी कधी इचारलं नाई."

"आणि मामाजी?"

"काकाले कायले सांगता? किती दिवसाचा मानूस आहे तो. भागवतनं मले कसम घातलती."

"मला नाही घातली."

"तुमाले घालाची गरजच नव्हती, भाभी."

हे त्याने चांगल्या मनानेच म्हटलं. पण मला ते लागलं. गरज का नव्हती? मी कधीच तोंड उघडणार नाही, हे त्या दोघांनी धरूनच ठेवलं होतं. माझा नवरा त्याच्या बापाशी बोलायला घाबरला म्हणून मी रोज सकाळी उठून मळ्याची हालहवाल रचून सांगायची. कीड पडली, औषध मारलं, मणी फुगले. हातात तुरीचं निंदण आणि तोंडात द्राक्षाच्या गोष्टी. आजवर ते खोटं एका म्हाताऱ्याला जपायला होतं. आता त्याच अर्ध्या किलोमीटरवर मी पुण्याला माल विकणार होते.

मी खरं लिहायचं ठरवलं ते खरेपणा म्हणून नाही, हे आधीच सांगते. मी थकले होते. अजून एक कागद, अजून एक तय्यबची चिठ्ठी, अजून एक साल एवढं उचलणं माझ्याच्याने होणार नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी फॉर्म घेऊन मी ओट्यावर गेले. मामाजी आंघोळ करून, टोपी घालून बसले होते. आज तोडणीला लागा म्हणायचा त्यांचा दिवस. मंतशा आली नाही, मुद्दामच आली नसावी. किशन अंगणात काहीतरी करत होता.

"वाच," मामाजी म्हणाले.

मी वाचायला लागले. विजेचे युनिट. सोलरचे युनिट. डिझेल. बाटलीचं वजन. प्रत्येक आकड्याला ते हं म्हणत होते. छपराच्या रंगाला जरा हसले. मग तो रकाना आला.

"द्राक्षं कुठून येतात : दिंडोरी. अंतर : चारशे तीस किलोमीटर."

"चुकलं तुवं," ते शांतपणे म्हणाले. "दिंडोरीवरून काड्या आनल्या होत्या. द्राक्षं आपले. अर्धा किलोमीटर."

"नाई, मामाजी. द्राक्षं दिंडोरीचे हायेत. मळा नाई राह्यला आपला. गारपिटीतच गेला."

अंगणातला किशनचा आवाज थांबला. मामाजींनी हात माझ्या दिशेने केला, जणू नीट ऐकू येईल इतकं मी जवळ यावं. मी जवळ सरकले.

"कोनत्या गारपिटीत?"

"तुमी नागपूरले होते तवाच्या."

ते मनातल्या मनात मोजत असावेत. ओठ हलत होते.

"मंग हे," त्यांनी बोटांनी मणी धरल्यासारखं केलं, "परवाचं?"

"ट्रकमधलं."

"मी दोन दिवस थांबा म्हनलो."

"हो. कोल्ड रूममधी ठेवलं हाये."

"दरसाली?"

"तुमी थांबा म्हनता तवा दरसाली."

ते हसले. आवाज नव्हता, नुसते खांदे हलले. मला वाटलं आता ओरडतील, काठी फेकतील. फेकली असती तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, "किशनले मालूम होतं?"

"सगळ्यायले मालूम होतं, मामाजी."

"गावाले?"

"गावाले."

रस्त्याने कुणीतरी सायकलवरून गेलं आणि सवयीने "राम राम काका" म्हणालं. मामाजींनी उत्तर दिलं नाही. असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"चार एकरांत काय हाये आता?"

"तूर होती. काढली."

"दुसऱ्या पानावर काय लिहिलं?"

मी वाचून दाखवलं. पुढल्या सालापासून संत्रा, दहा किलोमीटरच्या आतला. ट्रक बंद, कोल्ड रूम निम्मी. एवढं करूनही हॉटेलवाले हो म्हणतीलच असं नाही, हेही सांगितलं.

"कुठं करू सही?"

मी त्यांचं बोट कागदावर नेऊन ठेवलं. त्यांनी नेहमीसारखं पूर्ण नाव काढलं, अक्षरं एकमेकांवर चढली. मला रडायला यायला हवं होतं. पण फक्त झोपावंसं वाटत होतं, तिथेच, ओट्यावर.

मी कागद घडी करायला घेतला तेव्हा ते म्हणाले, "भागवतचा शेवटचा फोन मले आलता."

मला माहीत होतं. अकोल्याच्या दवाखान्यातून नर्सने फोन धरला होता. त्याने बापाला फोन केला, मला नाही. त्या गोष्टीचा सल मी चार वर्षं कुणाला दाखवला नव्हता.

"काय म्हनला ते मी कोनाले सांगतलं नाई. दम नव्हता त्याले. म्हने, बाबा, मळ्यात जाऊ नका. दोनदा म्हनला. बस, तेवढंच." त्यांचे हात मांडीवर पडले होते. "मले वाटलं, जीव चालला तरी पोराले माह्या गुडघ्याची फिकीर हाये. ओढा उतरताना पडन म्हनते बाबा. म्हनून मंग मी कदी मळ्याचं नावच काहाडलं नाई. किशनच्या खांद्यावर हात ठेवून गेलो असतो एखांद्या दिवशी. पन पोराचं शेवटचं बोलनं होतं. चार सालं मी त्याच्यावरच काहाडली वं. अन तिथं मळाच नव्हता."

मी कागद खाली ठेवला. भागवत घाबरट होता, पण बापावर जीव टाकायचा. ताप एकशे तीन असताना त्याने मला विचारलं होतं, बाबांच्या गुडघ्याचं तेल संपलं का. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं.

"फिकीर होतीच त्याले, मामाजी," मी म्हणाले. "गुडघ्याचीही होती."

त्यांनी मान माझ्याकडे वळवली.

"हे खरं सांगून राह्यली का?"

मी हो म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी परत तेच विचारलं.